वरच्या गल्लीतला एकच दिवा

आमच्या तोशबुलोक गावात घरांना नंबर नाहीत. नंबर शहरातल्या लोकांना लागतात, शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं म्हणून. आमच्याकडे पत्ता सांगायचा तो माझ्या दिव्यावरून. "खोलबीबीच्या दिव्यापासून वर तिसरं दार," किंवा "दिवा दिसला की डावीकडे वळा, झरा लागेल." माझ्या नवऱ्याने दरवाज्याच्या कमानीवर तो बसवला तेव्हा वरच्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या दाराबाहेर दिवा नव्हता. पुढे नवरा गेला, दिवा राहिला. तिन्हीसांजेला तो लावायला मी कधी चुकले नाही. मेलेल्या माणसाचं नाव असं राखावं लागतं. कबरीवर दगड काय, सगळेच लावतात.

तेव्हा तो मी माझ्या हाताने विझवला म्हणजे काय केलं, ते समजून घ्या.

अक्रोड झोडपायच्या दिवसांत नियम आला. आमच्या डोंगरावर पांढरे घुमट आहेत, त्यांत तारे बघायच्या मोठाल्या दुर्बिणी आहेत, आणि माझा मुलगा एशमुरोद तिथल्या यंत्रघरात कामाला आहे. एक आठवडा वर, एक आठवडा घरी. महल्ल्याचा अध्यक्ष होलमत याने गावाला चहाखान्यात बोलावून जिल्ह्याचा कागद वाचला. दाराबाहेरच्या दिव्याला वरून टोपी हवी, उजेड जमिनीवर पडला पाहिजे, आकाशात जाता कामा नये. बल्ब लहान आणि पिवळा. रात्री दहाला सगळं बंद. लग्नाच्या रोषणाईला सूट, पण गल्लीतल्या थोरल्या घराची संमती घेऊन.

डोंगरावरचा एक शास्त्रज्ञ आला होता, तुरोब नावाचा. काडीसारखा माणूस, आवाजही तसाच. म्हणाला, "तुमच्या गल्ल्यांचा उजेड वर चढतो, आणि आम्हाला बघायचे असतात फार लांबचे, फार मंद तारे. ते त्यात बुडून जातात."

माझी शेजारीण शरोफत मागून बोलली. भिंतीला भिंत लागून घर आहे तिचं. तिचा भाऊ जिल्ह्याच्या कचेरीत असतो, हे ती सलाम म्हणायच्या आधी सांगते. "लांबचे तारे बघतोस होय रे भाऊ? माझ्या खुराड्यातून कोल्हा कोंबड्या नेतो, तो तर जवळचा आहे. तो दिसतो का तुझ्या दुर्बिणीतून?"

सगळे हसले. तुरोबचे कान लाल झाले. मग मी उठले. आम्ही डोंगराची भाकरी खातो, आणि खाल्ल्या भाकरीला मी हसत नाही. म्हटलं, "होलमत, लिहून घे. पहिलं घर माझं."

डबे दुरुस्त करणाऱ्याने सरकीच्या तेलाच्या डब्यांच्या टोप्या कापून दिल्या. माझीही आली. मी ती कमानीखाली धरून बघितली. टोपीवर अजून तेलाच्या कारखान्याचं चित्र होतं. नवऱ्याच्या दिव्याच्या डोक्यावर तेलाचा डबा? मी टोपी कोठीत ठेवली आणि बल्बच काढून घेतला.

माझी नात मुनिसा अंगणात अक्रोड सोलत होती. आई तिची लहानपणीच गेली. वाढवली ती मी, आजीला ती एना म्हणते. शिकलेली आहे, कागदातलं बारीक अक्षरही सोडत नाही. म्हणाली, "एना, नियमात टोपी घाला म्हटलंय, विझवा नाही म्हटलेलं. टोपी घातली की दहापर्यंत लावता येतो."

"अर्ध्यामुर्ध्या नियमाची माणसं आपण नाही," मी म्हटलं. "पाळायचा तर पुरा पाळायचा. तुझा बाप वर कामाला आहे. उद्या कुणी म्हणायला नको, डोंगरवाल्याच्याच दारात उजेड."

"पण पत्ता सांगतात ना आपल्या दिव्यावरून."

"सांगायचं तर नावावरून सांगतील. माझं नाव काय विझलंय?"

ती अक्रोडाने काळ्या झालेल्या बोटांकडे बघत बसली.

गल्लीत एकेका दाराला टोप्या लागल्या, आणि लोकांनी मग बल्बही बदलले, इतके बारीक की खालची पायरीसुद्धा धड दिसू नये. थंडी पडल्यावर तेही कुणी लावेना. उरली शरोफत. तिने जुना बल्ब काढला आणि भावाकडून आणलेला मोठा लावला, गोठ्यात घालतात तसला पांढरा. तपासनीस यायचा झाला की भावाकडून आधी निरोप येई, आणि बाई शिडीवर चढून दिव्यावर इनॅमलचं तसराळं बांधी. तपासनीस चहा पिऊन गेला की तसराळं खाली, त्यात पुन्हा कणीक.

मी होलमतला म्हटलं, "तसराळ्याचा नियम कुठल्या पानावर आहे?"

"खाला, शेजाऱ्या शेजाऱ्यांनी जुळवून घ्यावं," तो म्हणाला, आणि आपल्या बुटाला लागलेला चिखल खरवडू लागला. त्याच्या मुलाला नोकरी हवी होती जिल्ह्यात.

आता मुनिसाच्या स्थळाचं सांगते. नियम यायच्या थोडं आधी शहरिसब्झहून सलोमत नावाची बाई आली होती, आपल्या भाच्यासाठी मुली बघत. भाचा सरवर, शाळेत मास्तर. आमच्यात मागणी घालणारी बाई आधी उंबरा बघते. लग्नाची मुलगी असलेल्या घरासमोरचा रस्ता सूर्य वर यायच्या आत झाडलेला, पाणी शिंपडलेला असला पाहिजे. मुनिसाचा उंबरा बघून सलोमत दारातच दोनदा थांबली. मुलीने चहा कसा ओतला, पियाला कुठल्या हाताने दिला, सगळं बघितलं. जाताना तिन्हीसांज झाली होती, दिवा लागला होता. ती वर बघून म्हणाली, "हा तर खालच्या वळणावरून दिसतो. आमचे पुरुष आले की चुकायचे नाहीत."

मला मुलगा आधीच ठाऊक होता. मुनिसालाही. बाजारात पुस्तकांच्या हातगाडीपाशी दोघं बोलताना मी बघितलं होतं, आणि न बघितल्यासारखं केलं होतं. यापूर्वी तिला आलेली स्थळं मीच परत पाठवली. एकाची आई जेवणाच्या चादरीवर, दस्तरखानावर, कोपर टेकून बसली, एकाच्या बापाने माझ्यादेखत बुटासकट गालिच्यावर पाय दिला. मुलीचं वय वाढत चाललं होतं आणि गावात कुजबूज होती, की खोलबीबीचं नाक फार वर. या वेळी मात्र मी होकार धरूनच बसले होते. मुनिसाने सरवरसाठी कमरेला बांधायचा रुमाल भरायला घेतला. डाळिंबाची फुलं, चारही काठांना. मी विचारलं नाही कुणासाठी, तिने सांगितलं नाही.

हिवाळ्यात निरोप आला. सलोमत बर्फावर घसरून पडली, तिचा पाय मोडलाय. ती येणार नाही, पण सरवरचा काका बोझोर आणि दोघे थोरले गुरुवारी दुपारी येतील. मुलगी पसंत पडली की नान मोडून जातील. आमच्यात नान मोडली म्हणजे ठरलं. दोन्ही घरांच्या नावाने दुआ मागून थोरला माणूस भाकरी मोडतो, आणि त्यानंतर कुणी कुणाला नाही म्हणत नाही. त्यातल्या एकानेही आमचं गाव कधी बघितलं नव्हतं.

गुरुवारी मी तंदुरात लोणी घातलेल्या नानी लावल्या, मेंढीचं शेपटाकडचं मटण शिजवलं. एशमुरोद नवा झगा घालून बसला. मुनिसाने रेशमी अंगरखा घातला आणि वेण्या पुन्हा पुन्हा घातल्या. दुपार गेली. खिंडीत बर्फ असणार, सगळ्यांना कळत होतं. फोन गावात एकच, महल्ल्याच्या कचेरीत, आणि बर्फ पडला की तो मुका.

अंधारून आलं तेव्हा गल्लीत गाडी थांबली.

मुनिसा उठून उभी राहिली. "एना, गाडी."

"ऐकली."

एशमुरोद म्हणाला, "आई, मी दारात जाऊन बघतो."

"बस खाली. बाप आहेस तू मुलीचा, दरवान नाहीस. मुलीकडचे लोक दारात टाचा उंच करून उभे राहत नाहीत. ज्याची गरज, तो कडी वाजवेल."

मुनिसा म्हणाली, "बाहेर काळोख आहे. निदान दिवा लावते. टोपी आहेच कोठीत. दहा वाजायला फार वेळ आहे."

"आणि उद्या शरोफत गावभर सांगेल, खोलबीबीने नियम पाहुण्यांपुरता गुंडाळला. बस."

ती बसली. पलीकडे शरोफतचा दरवाजा उघडला. बुटांवरचं बर्फ झटकल्याचे आवाज, "या, या, आत या", पुरुषांचं हसणं. मी म्हटलं, हिला आजच बरे पाहुणे सुचले, माझ्या नाकावर टिच्चून. आणि एशमुरोदला चहा गरम करायला सांगितला. चहा गार झाला, पुन्हा गरम केला. मटणावर चरबी गोठली. शेवटी मी म्हटलं, "खिंड बंद असेल. उद्या येतील." मुनिसाने वेण्या सोडल्या.

सकाळी शरोफतची मुलगी मोहिरा ताटली घेऊन आली. ताटलीवर रुमाल, रुमालाखाली नानीचे तुकडे आणि खडीसाखर. नान मोडली की तुकडे गल्लीत वाटतात.

"खाला, तोंड गोड करा," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "माझं ठरलं काल."

"कुठे ग दिलं तुला?"

"शहरिसब्झला. मास्तर आहे. सरवर नाव."

मुनिसा परातीत कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. तेच मला सहन झालं नाही, थांबायला हवे होते.

मोहिराला मी काही बोलले नाही. भोळी पोर, ताटात वाढलेलं खाणारी. शाल घेतली आणि तिच्या आईकडे गेले. शरोफत चुलीपाशी होती.

"काल तुझ्याकडे कोण आलं होतं?"

"देवाने पाठवलेले पाहुणे," ती म्हणाली. "बर्फातून आलेला माणूस दारात उभा राहिला, मी आत या म्हटलं. तू काय केलं असतंस?"

"कुणाकडे आलात, असं विचारलं असतं."

"त्यांनीच विचारलं, सलोमत आली होती ते हेच घर ना? मी म्हटलं, सलोमत या गल्लीत आली होती. यात खोटं अक्षर कुठलं ते दाखव."

"ती माझ्याकडे आली होती, ठाऊक होतं तुला."

"मला ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही." तिने चुलीत काटक्या सारल्या. "तिने त्यांना सांगितलं होतं, वरच्या गल्लीत ज्या दारावरचा दिवा खालच्या वळणावरून दिसतो तेच घर. माझ्या दारावर दिवा होता. माझी पोर चहा घेऊन आली, म्हाताऱ्याला आवडली. माझ्याही पोरीला वय आहे, खोलबीबी. तिला कुणी बघायला येत नव्हतं. तुझ्या दारावरून माणसं परत जायची, माझ्या दारापर्यंत यायचीच नाहीत."

मी म्हटलं, "कोल्हा कोंबड्या नेतो म्हणत होतीस. कोल्हा घरातलाच निघाला." आणि निघून आले. पण ते शेवटचं वाक्य तिचं माझ्यामागे आलं, आणि अजून गेलेलं नाही.

खिंड उघडल्यावर एशमुरोद आणि होलमत शहरिसब्झला जाऊन बोझोरला घेऊन आले. होलमतच्या घरी बसलो. म्हातारा चांगला निघाला, हीच तर पीडा. वाईट असता तर मला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

"आपा," तो म्हणाला, "नान मी मोडली, या हातांनी. मोडलेली सांधता येते का?"

"चुकीच्या दारात मोडली असेल तर?"

"दार चुकलं. दुआ चुकली नाही. आता त्या पोरीपुढे उभा राहून काय सांगू, तू चुकून आवडलीस? तिला कोण करेल मग?"

"आणि माझ्या पोरीला मी काय सांगू?"

तो आपल्या टोपीचा काठ चाचपू लागला. "गल्ली सगळी काळी होती. एकच दिवा. तुमच्या दारावर दिवा असता तर, आपा..."

"माझ्या दारावर नियम होता."

होलमतने घसा साफ केला. "खाला, नियमात टोपी घालून संध्याकाळी दिवा चालतो असं लिहिलं होतं."

"आणि तसराळ्याबद्दल काय लिहिलं होतं, ते आज वाचून दाखव. पाहुण्यांनाही कळू दे."

तो चहा ओतायला उठला.

मी तिथेच सांगितलं आणि इथे पुन्हा सांगते. गल्लीतली सगळी दारं उजळ असती तर त्या माणसांनी कुणाला तरी विचारलं असतं. सगळी काळी असती तरी विचारलं असतं. विचारलं असतं तर माझं नाव सांगितलं गेलं असतं. पण एक सोडून सगळ्यांनी पाळलेला नियम म्हणजे त्या एकाचं भांडवल. तुरोबला वर त्याचे तारे मिळाले की नाही मला माहीत नाही. शरोफतला जावई मिळाला.

सरवर म्हणे आठवडाभर कुणाशी बोलला नाही. मग काकाने बसवलं तिथे बसला. आपल्याकडचे मुलगे असेच, पुस्तकं वाचतात आणि काकाचं ऐकतात.

जर्दाळू फुलले तेव्हा लग्नाची तारीख ठरली. शरोफतला गल्लीभर दिव्यांच्या माळा हव्या होत्या, झऱ्यापासून वरच्या वळणापर्यंत. त्याला थोरल्या घराची संमती पाहिजे. थोरलं घर माझं. या एका गोष्टीत तिच्या भावाचं काही चालेना, कारण डोंगरावरच्यांनी स्वतः मागणी करून ते कलम घातलं होतं. होलमत कागद घेऊन आला. शरोफत स्वतः आली नाही, हलव्याचं झाकलेलं भांडं पाठवलं.

होलमत बाहेर चहा पीत बसला. मी आत गेले. मुनिसा खिडकीपाशी होती.

"नाही म्हणा, एना," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"लोक काय म्हणतील?"

"काहीही म्हणू देत. तो इथूनच वरात घेऊन जाणार, आपल्या दारावरून. काळोखात गेला तर मला दिसायचा नाही. उजेडात मला सगळं दिसेल. एकदा माझ्यासाठी नियम वापरा. तुम्ही तो पुरा पाळता ना?"

मी बाहेर आले. होलमत माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि भिंतीपलीकडे शरोफतच्या अंगणात अचानक कुणी बोलेनासं झालं होतं. सगळे कान लावून होते. नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत खालच्या बाजारात पोचलं असतं की खोलबीबी जळते, खोलबीबीची नात रडते. माझ्या घरातली रडते, हे मी कुणाला म्हणू देणार नाही. तिच्यासाठीच नाही का हे?

मी कागदावर अंगठा उठवला. सही येते मला, पण त्या कागदाला अंगठा पुरे.

रिकामं भांडं परत पाठवायची आमच्यात रीत नाही. हलवा कोंबड्यांना घातला, भांडं धुतलं, आणि त्यात ती तेलाच्या डब्याची टोपी ठेवून पाठवली. शरोफतने त्या टोपीत कोंबड्यांना पाणी ठेवलंय. भिंतीवरून दिसतं.

लग्नात मी गेले. दस्तरखानाच्या वरच्या टोकाला बसले, माझ्या जागेवर. पुलावातलं गाजर जाड चिरलेलं होतं, ते सांगितलं. दिवे इतके लावले होते की बायकांच्या चेहऱ्यावरची पावडर मोजून घ्यावी. वरात माझ्या दारावरून गेली तेव्हा सरवरने मान वर केली नाही. कमरेला रुमाल कुठलासा विकतचा होता. एशमुरोद वर होता त्या आठवड्यात. परत आल्यावर म्हणाला, त्या रात्री घुमट उघडलेच नाहीत, तुरोब पत्ते खेळत बसला. मुनिसा आतल्या खोलीत होती. मी खिडकीच्या पडद्यांवर रजया टांगून गेले होते. परत आले तर रजया खाली काढून, घड्या घालून ठेवलेल्या. सगळं बघितलं होतं तिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरा झाडलेला नव्हता.

मी म्हटलं, थकली असेल. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मी विचारलं. मुनिसा भांडी पुसत होती, शांतपणे म्हणाली, "कुणासाठी झाडू, एना? येणारा उंबरा कुठे बघतो. दिवा बघतो."

आवाज चढवला नाही. भांडी पुसून जागेवर ठेवली. घरातलं सगळं करते, माझं औषध वेळेवर देते, बापाच्या झग्याचं बटण लावते. फक्त दाराबाहेर हात लावत नाही. एशमुरोदने कमानीवर नव्या टोपीचा दिवा बसवून दिलाय आता, नियमातला, पिवळा. त्याचा उजेड बरोबर उंबऱ्यावर पडतो. धूळ छान दिसते त्यात.

म्हणून दहाला तो बंद झाला की मग पहाटे कुणी पुन्हा लावायचा नाही, असं मी घरात सांगून ठेवलंय. आणि उजाडायच्या आत उठून आता मी झाडते. वाकलं की कंबर धरते, सरळ व्हायला भिंतीचा आधार लागतो. एकदा मुनिसाने ते बघितलं असणार. तिने पेटी उघडली, डाळिंबाच्या फुलांचा रुमाल माझ्यापुढे ठेवला. "कमरेला घट्ट बांधा," म्हणाली. "चांगला मजबूत आहे."

बांधते. काळोखात झाडलं की कोण झाडतंय ते दिसत नाही. दिवस वर आला की लोक बघतात, उंबरा स्वच्छ, पाणी शिंपडलेलं, आणि म्हणतात, खोलबीबीची नात गुणाची आहे, अजून पहाटे उठते. म्हणू देत.